एक मिशन, दोन समाज: न्यूझीलंडमधील मॉर्मन मिशनचा कारभार, १८८१ ते १८९८

जानेवारी १८८१ मध्ये विल्यम ब्रॉमली मिशन अध्यक्ष म्हणून ऑकलंडला उतरले, तेव्हा न्यूझीलंडमध्ये मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतल्या युटामध्ये मुख्यालय असलेल्या ख्रिस्ती पंथाच्या, प्रचाराला सुरुवात होऊन सव्वीस वर्षे झाली होती. एवढ्या काळात उभे काय राहिले होते? गोऱ्या वसाहतवाल्यांच्या तुरळक शाखा, म्हणजे स्थानिक मंडळ्या, त्यांतल्या काही कागदावरच उरलेल्या. माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांतले, सभासद जवळजवळ नव्हतेच. पुढच्या आठ-दहा वर्षांत चित्र पूर्ण पालटले. काही हजार माओरी सभासद झाले, मिशनचे बहुतेक मनुष्यबळ माओरी वस्त्यांत गेले आणि युरोपीय शाखा मागे पडल्या. हा पालट कसा झाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे कारभाराच्या अंगाने पाहायचे आहे. धर्ममताची बाजू त्यासाठी लागेल तेवढीच घेतली आहे.

हाती आलेला वारसा

ऑक्टोबर १८५४ मध्ये ऑगस्टस फार्नहॅम आणि विल्यम कुक ऑस्ट्रेलियातून ऑकलंडला आले. वेलिंग्टनजवळच्या करोरी येथे १८५५ मध्ये पहिली शाखा स्थापन झाली, पुढे दक्षिण बेटावर कायापोईच्या बाजूला आणखी लोक मिळाले. प्रचार इंग्रजीतून, गोऱ्यांमध्ये. शाखा वाढत का नव्हती, याचे मोठे कारण बाहेरचा विरोध नव्हता, ते मिशनच्याच शिकवणीत होते. त्या काळी प्रत्येक नव्या सभासदाला सांगितले जाई की, युटामध्ये येऊन आपल्या लोकांत राहायचे. म्हणजे जो जास्त निष्ठावान आणि ज्याच्या गाठीला थोडे पैसे, तो आधी जहाजात बसणार. मागे राहणार ते गरीब, वृद्ध किंवा डळमळीत. शाखेचा अध्यक्षच कुटुंबासह निघून गेला की रविवारची सभा बंद पडे आणि पुढचा मिशनरी येईपर्यंत नोंदवही कोणाच्या घरी आहे हेही शोधावे लागे.

याच चर्चचा आपल्याकडचा अनुभव इथे जोडून पाहण्यासारखा आहे. ह्यू फिंडले हे मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी मुंबई व पुण्यात काम केले. तेही मुख्यतः छावणीतल्या इंग्रज शिपायांमध्ये आणि सरकारी नोकरांमध्ये. पलटण हलली की शाखा हलली, आणि छावणीत प्रचार करायचा तर लष्करी अधिकाऱ्यांची मर्जी लागे. काही वर्षांतच ते मिशन गुंडाळले गेले. ज्यांचा पाय मुळातच त्या देशात रोवलेला नाही, अशा लोकांवर मिशन उभारले की काय होते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

हवाईत मात्र वेगळे घडले होते. १८५० मध्ये तिथे गेलेल्या मिशनऱ्यांना गोरे फार थोडे भेटले. काही जण परत फिरले. जॉर्ज क्यू. कॅनन यांच्यासारखे मागे राहिले, हवाईयन भाषा शिकले आणि तिथल्या लोकांत काम उभे केले. जोसेफ एफ. स्मिथ यांनी तरुणपणी याच बेटांवर मिशनरी म्हणून काही वर्षे काढली होती. १८८० मध्ये ते चर्चच्या सर्वोच्च मंडळात आले आणि ब्रॉमलींना निघतानाच त्यांनी सांगितले: आता माओरींकडे जायची वेळ आली आहे. या आदेशासोबत पैसा आला नाही, जास्तीची माणसेही आली नाहीत.

पहिली दोन वर्षे: भाषेवाचून काही नाही

सुरुवातीच्या खेपा फसल्या. माओरी वस्तीत जाऊन दुभाष्यामार्फत बोलायचे, तर दुभाषा मनाला येईल ते सांगे. आणि एकदा बोलून निघून गेलेल्या माणसाला माओरी समाजात वजन नसते. ब्रॉमलींनी मग जवळ होते तेच मनुष्यबळ वापरले. ऑकलंडचे सभासद विल्यम मॅकडॉनेल यांना त्यांनी माओरी शिकायला लावले. थॉमस आणि हॅना कॉक्स हे दांपत्य वायकाटोतल्या केंब्रिजला राहायला गेले होते, त्यांचे घर ठाणे झाले. ऑकलंडहून हॅमिल्टनपर्यंत रेल्वे होती, पुढचा प्रवास गाडीने किंवा घोड्याने. २४ डिसेंबर १८८२ रोजी केंब्रिजजवळ हारे तेइमाना, त्यांची पत्नी पारे आणि हारे कातेरे यांचा बाप्तिस्मा झाला. फेब्रुवारी १८८३ मध्ये वाओतू येथे पहिली माओरी शाखा स्थापन झाली आणि तिचा कारभार तेइमाना यांच्याकडे सोपवला गेला.

या घटनेचे वर्णन करताना मॉर्मन लिखाणात दृष्टान्तांवर भर असतो. तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. पण कारभार पाहणाऱ्याच्या नजरेला आणखी एक गोष्ट दिसते. युटाहून आलेला, दोन-तीन वर्षांनी परत जाणारा अध्यक्ष आणि माओरी वस्ती यांच्यामध्ये सांधा जोडला तो तिथेच राहणाऱ्या गोऱ्या सभासदांनी. ज्या युरोपीय शाखांना पुढे दुय्यम स्थान मिळाले, त्यांच्याच माणसांनी माओरी कामाचे दार उघडले. याचे श्रेय त्यांना सहसा पुरेसे दिले जात नाही.

जमीन आधीच नांगरलेली होती

माओरी समाजाला बायबल नवे नव्हते. अँग्लिकन मिशनऱ्यांनी माओरी भाषेला लिपी रुळवली होती, मॉन्सेलचे व्याकरण आणि विल्यम्सचा शब्दकोश १८४० च्या दशकातच छापून झाले होते आणि संपूर्ण माओरी बायबल १८६८ मध्ये निघाले होते. वस्त्यांत सकाळ-संध्याकाळ सामुदायिक प्रार्थना चाले. मॉर्मन मिशनरी आला तो याच तयार साहित्यावर. शाळा, छापखाना, भाषांतर यांवर इतर मिशनांनी दोन पिढ्या जो खर्च केला होता, तो त्याला करावा लागला नाही.

दुसरीकडे त्या जुन्या मिशनांवरचा विश्वास उडाला होता. १८६३ मध्ये ब्रिटिश फौजा वायकाटोत घुसल्या. बिशप सेल्विन फौजेबरोबर धर्मगुरू म्हणून फिरले. मग लाखो एकर जमीन जप्त झाली. ज्यांनी देव शिकवला त्यांचेच भाऊबंद जमीन घेऊन गेले, ही जखम ताजी होती. पै मारिरे, रिंगातू असे माओरींचे स्वतःचे पंथ याच काळात उभे राहिले. वैरारापातल्या ते ओरे ओरे इथे मार्च १८८१ मध्ये पाओरा ते पोतांगारोआ या द्रष्ट्याने मोठा मेळावा भरवून येणाऱ्या चर्चविषयी भाकीत केले, आणि मॉर्मन परंपरा ते स्वतःकडे जोडते. त्यात मॉर्मनांकडे एक उत्तर होते: माओरींसह सगळे पॉलिनेशियन लोक इस्राएलच्या घराण्यातले आहेत, म्हणजे थोर वंशाचे. वंशावळ, म्हणजे व्हाकापापा, ज्या समाजात जमिनीच्या हक्कापासून सभेतल्या बसण्याच्या जागेपर्यंत सगळे ठरवते, तिथे हा दावा साधा नव्हता.

यात धोकाही होता. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सरकारी सैन्याने पारिहाका हे जमीन घेण्याला शांततेने विरोध करणारे माओरी गाव मोडले. नव्या धर्माभोवती माओरी एकत्र येताना दिसले की सरकारला बंडाचा वास येई. म्हणून जमीन, कर, राजा-चळवळ (माओरींनी आपला राजा मानण्याची चळवळ) या विषयांवर मिशनरींनी सभेत बोलायचे नाही, हे पथ्य पाळणे भाग होते. माओरी श्रोत्यांना मात्र नेमके तेच विषय हवे असत. हे दोन्ही सांभाळणे जिल्ह्यात एकट्या पडलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला जड जाई, आणि त्याच्या चुकीचे उत्तर मिशन अध्यक्षाला द्यावे लागे.

वस्तीत शिरायचे कसे

१८८३ मध्ये विल्यम स्टुअर्ट अध्यक्ष झाले. अल्मा ग्रीनवुड आणि आयरा हिंकली या दोघांनी त्याच वर्षी वैरारापा आणि हॉक्स बे भागात काम सुरू केले. वेलिंग्टनहून मास्टरटनपर्यंत १८८० पासून रेल्वे असल्याने तो भाग हाताशी होता. ग्रेटाउनजवळच्या पापावाईचे प्रमुख मानिहेरा यांनी त्यांना आसरा दिला आणि पुढे ते स्वतः सभासद झाले. तिथून काम नातेसंबंधांच्या वाटेने पसरले: वैरारापा, हॉक्स बे, माहिया, नुहाका, मग पूर्व किनारा. नकाशावर ही रेघ काढली तर ती रस्त्यांपेक्षा न्गाती काहुंगुनू या जमातीच्या गोतावळ्याशी जास्त जुळते.

पद्धत साधारण अशी बसली. दोघांनी जायचे, त्यातला एक तरी भाषा येणारा. वस्तीच्या दारात थांबायचे, बोलावणे आल्याशिवाय पुढे जायचे नाही. स्वागताची भाषणे यजमान आधी करणार, पाहुण्याने उत्तरादाखल बोलायचे. हे उत्तर बसून किंवा कागदात बघून दिले की पहिल्याच दिवशी माणूस हलका ठरे. नंतर नाकाला नाक लावून भेट, जेवण, आणि जेवणानंतर अंधार पडल्यावर सभागृहात खरी चर्चा. ती मध्यरात्रीपर्यंत चाले. लोक चटयांवर आडवे पडून ऐकत, मध्येच एखादा म्हातारा उठून बायबलचा अध्याय आणि ओवी सांगून प्रश्न विचारी. त्याला ओवी पाठ असे. मिशनरीला ती माओरीत शोधून काढायला दिव्याच्या उजेडात पाने उलटावी लागत. या रात्रींसाठी तयारी हीच खरी तयारी होती, आणि नव्या मिशनऱ्याला पहिले काही महिने वस्तीतच एखाद्या कुटुंबात ठेवण्यामागे हेच कारण होते. गोऱ्यांच्या गावात राहून रविवारी येणाऱ्याला ही भाषा कधीच आली नाही.

इथे एक मोठी चूक वारंवार होई. प्रमुख तयार झाला की त्याची अख्खी हापू, म्हणजे भावकी, नदीवर बाप्तिस्म्याला येई. अहवालात आकडा भरघोस दिसे. पण प्रत्येकाला काय कळले, याची खात्री कोणी करून घेतलेली नसे. प्रमुखाचे मिशनरीशी किंवा शेजारच्या मॉर्मन प्रमुखाशी बिनसले की तीच भावकी तितक्याच एकजुटीने परत फिरे. यावर सापडलेला उपाय असा की, बाप्तिस्म्याच्या दिवशीच शाखा स्थापन करायची आणि अध्यक्ष, उपदेशक, चिटणीस ही पदे तिथल्याच माणसांना द्यायची. शाखेचा माओरी अध्यक्ष सभा चालवी, आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करी, भांडणे मिटवी. मिशनरी महिना-दोन महिन्यांनी फेरी मारून बघे. इतर मिशनांत माओरी माणसाला दीक्षा मिळायला वर्षानुवर्षे शिक्षण घ्यावे लागे. इथे शेतकरी माणूस आठवड्याभरात पदावर बसे. माओरी समाजाला हे चर्च आपले का वाटले, याचे माझ्या मते सर्वांत भक्कम स्पष्टीकरण इथे आहे.

आणि एक गोष्ट आपोआप साधली. माओरी जमीन सामायिक. ती विकून एका कुटुंबाने युटाला निघून जाणे सोपे नव्हते, आणि मिशननेही तसा आग्रह धरला नाही. ज्या गळतीने युरोपीय शाखा रिकाम्या केल्या होत्या, ती माओरी शाखांना लागलीच नाही.

टपाल, घोडा, नदी, वही

मिशनरीला पगार नव्हता. घरचे लोक युटाहून पैसे पाठवत, तेही शेतीचे पीक हातात आले तर. सॅन फ्रान्सिस्को ते ऑकलंड टपालबोटीला साधारण तीन आठवडे लागत आणि बोट चार आठवड्यांतून एकदा सुटे. अध्यक्षाने विचारलेल्या प्रश्नाला सॉल्ट लेक सिटीहून, म्हणजे युटातल्या मुख्यालयातून, उत्तर यायचे तर दोन-अडीच महिने धरावे लागत. त्यामुळे वाद आला की अध्यक्षाने आपल्याच अंगावर निर्णय घ्यायचा, हा नियमच झाला. देशातही अंतर छळे. ऑकलंड ते वेलिंग्टन सलग रेल्वे १९०८ पर्यंत नव्हती. गिसबर्न, नेपियर गाठायचे तर किनाऱ्याच्या बोटीने, पुढे घोड्यावर. घोडे बहुधा माओरी सभासदांनी दिलेले असत. म्हणजे मिशनचा वाहतुकीचा आणि जेवणाचा बहुतांश खर्च प्रत्यक्षात माओरी घरे उचलत होती. ज्या वर्षी बटाटा आणि रताळी कमी आली, त्या वर्षी पाहुण्याचा भार जाणवे, पण पाहुणचाराच्या रीतीमुळे कोणी बोलून दाखवत नसे. शहाण्या अध्यक्षाने अशा वेळी मिशनरी दुसऱ्या वस्तीत हलवायला हवा होता. हे नेहमी झाले नाही.

नदी ही त्या काळी सर्वांचीच वैरीण होती. बुडून मरण्याला वसाहतीत ‘न्यूझीलंडचा मृत्यू’ असेच नाव पडले होते. पावसानंतर पाणी उतरेपर्यंत थांबायचे आणि त्या दिवशी उतार कुठे आहे हे जवळच्या वस्तीत विचारायचे, कारण पूर आला की उताराची जागा बदलते. घाईत असलेला नवखा माणूस गेल्या महिन्याच्या उतारावर घोडा घाले.

नोंदवही हा विषय वरवर कंटाळवाणा वाटेल, पण मिशनचा खरा कणा तोच. प्रत्येक सभासदासाठी एक ओळ: नाव, आई-वडिलांची नावे, जन्मस्थळ व तारीख, बाप्तिस्मा कधी व कोणी दिला, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर सभासदत्व पक्के करणारा विधी) कोणी केले, पद, स्थलांतर, मृत्यू. माओरी वस्तीत पहिल्याच रकान्यात अडचण. एकाच माणसाचे वडिलांकडचे नाव, अँग्लिकन बाप्तिस्म्यात मिळालेले नाव आणि एखाद्या नातलगाच्या मृत्यूनंतर घेतलेले नाव वेगवेगळे असे. गावोगावच्या वह्यांत तो तीनदा येई. जन्मतारखेच्या जागी ‘अमुक लढाईच्या आधी’ असे मिळे. त्यात माओरी जमिनीचे हक्क ठरवणाऱ्या न्यायालयाची सत्रे आली की वस्तीच्या वस्ती उठून आठवडे-आठवडे शहराजवळ तंबू ठोकून राही. सभा बंद, दारू आणि कर्ज चालू, आणि वहीत त्या काळाची हजेरी रिकामी. वार्षिक आकडे वाचताना हे ध्यानात ठेवले नाही, तर एका वर्षी अचानक घट आणि पुढच्या वर्षी अचानक वाढ दिसते. प्रत्यक्षात माणसे तीच असतात.

हुई ताउ

१८८० च्या दशकाच्या मध्यापासून सगळ्या शाखांची वार्षिक परिषद भरू लागली: हुई ताउ. ती एप्रिलच्या सुमारास घेण्यात दुहेरी सोय होती. ६ एप्रिल हा चर्चचा स्थापना दिन, आणि दक्षिण गोलार्धात तो काळ पीक घरात आल्यानंतरचा. यजमान वस्ती आदल्या वर्षीच ठरे. शेकडो माणसांचे काही दिवसांचे खाणे-झोपणे म्हणजे आधीच्या हंगामात जास्तीचे बटाटे-रताळी लावणे, डुकरे राखणे, ईल मासे वाळवून ठेवणे, चटया विणणे. हा सगळा व्याप माओरींच्या हाती. मिशनकडे सभांचा क्रम, नेमणुका आणि अहवाल. कोणता मिशनरी कोणत्या जिल्ह्यात, कोण घरी परतणार, कोण नवा, हे याच सभेत सर्वांसमोर जाहीर होई. मिशनचे प्रशासन जणू सबंध वर्षात याच काही दिवसांत घडे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर जमातीजमातींतला मान, देणे-घेणे, लग्ने यांचेही ते व्यासपीठ झाले. मिशनने माओरी रीत वापरली की माओरी रीतीने मिशन आपल्यात सामावून घेतले? दोन्ही एकाच वेळी घडले आणि दोन्ही पक्षांना ते मानवले.

गोऱ्या शाखांचे काय

युरोपीय बाजूला ८० चे दशक वाईट गेले. देशात मंदी होती. १८८२ मध्ये अमेरिकेने बहुपत्नीत्वाविरुद्ध एडमंड्स कायदा केला आणि त्याच्या बातम्या वसाहतीच्या वृत्तपत्रांत सतत येत. सभागृह भाड्याने मिळेना, मिळाले तर मागच्या बाकांवरून आरडाओरडा. प्रश्न बहुधा एकच: बायका किती? माओरी वस्त्यांत या आरोपाची धार बरीच बोथट होती, कारण मिशनरी तिथे नजरेसमोर राहत होता. १८९० मध्ये चर्चने बहुविवाह थांबवत असल्याचे जाहीर केले, तरी गावातली बदनामी लगेच धुतली गेली नाही.

अध्यक्षांपुढचा हिशेब सोपा पण कठोर होता. मिशनरी मूठभर. माओरी वस्तीत त्याला खायला मिळते, श्रोते मिळतात, फळ दिसते. युरोपीय गावात खोलीभाडे खिशातून, दारे बंद. साहजिकच बहुतेक जण माओरी कामाला जुंपले गेले. हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पण तो करताना युरोपीय शाखांना स्थानिक पदाधिकारी आणि ठरलेली फेरी देण्याची जी पद्धत माओरी वस्त्यांत यशस्वी झाली होती, ती तिकडे नेटाने लावली गेली नाही. मॅकडॉनेल, कॉक्स यांच्यासारखी तयार माणसे असूनही. गोऱ्यांना ‘आज ना उद्या युटाला जाणारे’ धरले गेले आणि तसेच वागवले गेले.

पुस्तक आणि नंतर

विल्यम पॅक्समन यांच्या कारकिर्दीत, १८८६ ते १८८९ मध्ये, ‘मॉर्मनचे पुस्तक’ या चर्चच्या धर्मग्रंथाचे माओरी भाषांतर पुरे झाले. तोवर मिशनरी इंग्रजी पुस्तकातून तोंडी अनुवाद करत आणि एकाच वचनाचे दोन जिल्ह्यांत दोन अर्थ होत. एझ्रा रिचर्ड्स आणि सॉन्ड्रा सँडर्स या भाषा चांगली येणाऱ्या दोघांना फिरतीतून काढून या एकाच कामाला बसवले गेले. हेनारे पोताए, ते पिरिही तुतेकोही आणि जेम्स ज्युरी यांनी मजकूर तपासून दिला. १८८९ मध्ये पुस्तक ऑकलंडला छापून निघाले. माणसांची इतकी चणचण असताना दोन उत्तम वक्ते प्रचारातून काढून टेबलापाशी बसवणे हा धाडसी निर्णय होता. त्याचा फायदा असा झाला की, मिशनरी पोहोचत नसे तिथेही माओरी शाखाध्यक्षाच्या हातात आता स्वतःचे पुस्तक होते.

सॉल्ट लेक सिटीतले मंदिर १८९३ मध्ये खुले झाले आणि पूर्वजांसाठी करायच्या विधींची ओढ माओरींनाही लागली. नुहाकाचे प्रमुख हिरिनी व्हांगा १८९४ मध्ये कुटुंबासह युटाला गेले. घर सोडताना गावाने केलेला शोक तांगीसारखा, म्हणजे मेलेल्यासाठी करतात तसा होता, आणि त्यात अर्थ होता, कारण शाखेचा आधार निघून चालला होता. माओरींना आपल्या देशातच ठेवायचे हे धोरण किती बरोबर होते, ते या एका प्रस्थानाने दाखवले. व्हांगा १८९८ मध्ये मिशनरी म्हणून परत आले आणि गावोगाव फिरून त्यांनी वंशावळी गोळा केल्या. जे काम युटाच्या माणसाला रकान्यांत बसवता आले नव्हते, ते त्यांना सभागृहात बसून, म्हाताऱ्यांकडून ऐकत करता आले.

१८९८ मध्येच तोवर एकाच मिशनमध्ये असलेली ऑस्ट्रेलिया वेगळी काढून न्यूझीलंडचे स्वतंत्र मिशन झाले. शाखा माओरी अध्यक्षांच्या हाती, हुई ताउ यजमान वस्त्यांच्या हाती, आणि मिशन अध्यक्ष दर दोन-तीन वर्षांनी युटाहून येणारा नवा माणूस, ही रचना तशीच पुढच्या शतकात गेली.